देवडीतली हाक

१

किल्ला दाखवणं हे माझं काम. रोज तेच तेच बोलून कंटाळा येत नाही का, असं लोक विचारतात. येतो की. पण कंटाळ्याचा एक फायदा असतो. तोंड आपलं आपलं चालू राहतं आणि डोकं घरची कामं उरकायला मोकळं होतं. माझ्या कितीतरी काळज्या मी पहिल्या आणि मधल्या दरवाजाच्या दरम्यान करून संपवल्या आहेत.

वाट तटाला उजवीकडे ठेवून चढते. हे मुद्दाम केलेलं आहे. शिपायाच्या डाव्या हातात ढाल असायची, म्हणजे उजवी बाजू उघडी. ती उघडी बाजूच तटावरच्या माणसासमोर यावी म्हणून बांधणाऱ्यांनी वाट अशी फिरवली. हे सांगितलं की प्रत्येक गटातला एखादा तरी गृहस्थ हळूच आपल्या उजव्या खांद्याकडे बघतो. पहिला दरवाजा ओलांडला की वाट काटकोनात वळते, त्यामुळे ओंडका घेऊन धडक द्यायला आलेल्यांना धावायला जागाच उरत नाही. तट वरून अखंड दगडाचा दिसतो, पण तसा नसतो. बाहेर एक भिंत, आत एक भिंत, आणि मधे दगडगोट्यांची आणि चुन्याची भरती. "ही भरती सैन्यातली नव्हे हं," असं मी म्हणते आणि लोक हसतात. फार वर्षं हसताहेत.

मधल्या दरवाजाच्या आत दोन्ही अंगांना देवड्या आहेत, पहारेकऱ्यांनी बसायच्या, तीन बाजूंनी बंद अशा दगडी खोल्या. डावीकडच्या देवडीत, बसलेल्या माणसाच्या तोंडाशी येईल असं एक भोक आहे. मूठ जाईल एवढं. ते भिंतीच्या पोटातून वळत वळत वर जातं आणि शिखरावरच्या पहाऱ्याच्या खोलीत उघडतं. आम्ही त्याला नळी म्हणतो. खालच्यानं विचारायचं, वरच्यानं सांगायचं, अशी पूर्वीची सोय.

वरच्या खोलीत आता माझा धाकटा भाऊ बसतो. संध्याकाळी किल्ल्यावर दिव्यांचा आणि आवाजाचा खेळ होतो, त्याची यंत्रं त्याच्या ताब्यात. लहानपणी एवढासा होता म्हणून त्याला टिल्लू म्हणायचे. आता त्याला प्रत्येक दारातून वाकून जावं लागतं, तरी टिल्लूच. मी नळीला तोंड लावून ओरडायची, "वरचा पहारा, जागा आहे का?" क्षणभर शांतता. मग भिंतीतून स्वच्छ आवाज यायचा, "ओ, ताई!" आणि लोक टाळ्या वाजवायचे. दिवसाकाठी जितके गट तितक्या वेळा.

त्या दिवशी सकाळीही मी हाक मारली. "ओ," उत्तर आलं. ताई म्हणायला विसरला, एवढं माझ्या लक्षात आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या संपायच्या आत मागच्या दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या त्या बुटक्या दारातून, टिल्लू वाकून आत आला. खांद्यावर वायरचं भेंडोळं, शर्ट घामानं ओला.

"सॉरी ताई," तो म्हणाला. "स्कूटर पंक्चर झाली गं. तुझा खेळ बुडाला ना?"

२

गटाला टाक्याच्या काठावर फोटो काढायला सोडून मी त्याच्यामागून वर गेले. पायऱ्या चढताना मी मनाशी सगळं नीट मांडून पाहिलं. प्रतिध्वनी म्हणावा तर माझंच वाक्य परत यायला हवं होतं. कोणी पाहुणा आधीच वर पोहोचला म्हणावा तर खोलीला कुलूप.

कुलूप होतंच. टिल्लूनं खिशातून किल्ली काढून माझ्या नाकासमोर नाचवली. "बघ. आता तुझं भूत आत चहा पीत बसलं असेल."

खोली ओळखीचीच. जाड भिंती, छताला कमान, बाहेर बघायला उभी चीर, मांजरही जाणार नाही इतकी अरुंद. एका कोपऱ्यात यंत्रांचं लोखंडी कपाट, सतत गुणगुणणारं. नळीचं तोंड इथं गुडघ्याच्या उंचीवर आहे, त्यामुळे बोलायचं तर गुडघा टेकावा लागतो. तिथली फरशी घासून खोलगट झाली आहे. एरवी मी हे लोकांना कौतुकानं दाखवते. त्या दिवशी मला तिकडे बघवेना.

"मग ओ कोणी दिली?" मी विचारलं.

"तुझ्या कानांनी. रोज ऐकून सवय झालीय त्यांना."

"लोकांनी टाळ्या वाजवल्या रे."

"तू वाजवायला लावतेस म्हणून वाजवतात. तू सांगितलंस तर ते भिंतीला नमस्कारही करतील." त्यानं भेंडोळं खाली टाकलं. "आणि माझं सोड. तुला काय झालंय? गट नसताना हाका मारत बसतेस. परवा तर 'टिल्लू, टिल्लू' म्हणून जीव खाल्लास. ओ देऊन देऊन माझं तोंड दुखलं. खाली येऊन बघतो तर तू गायब."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. नळीतून मी त्याला कधीच टिल्लू म्हणत नाही. चारचौघांत भावाची शोभा कशाला, म्हणून 'वरचा पहारा'. आणि परवा तर मी त्याला न सांगताच रजा घेतली होती.

"माझाच आवाज होता?"

"ताई, तुझा आवाज मी ओळखणार नाही? शाळेतून येताना अख्ख्या गल्लीत ऐकू यायचा."

मी हसले. हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती ती. खाली येताना मात्र मी भिंतीला हात न लावता, पायऱ्यांच्या मधोमध चालत आले.

३

आमच्या घरात बाहेर पडताना 'जातो' म्हणायची सोय नव्हती. चुकून कोणी म्हणालं तर आई चपला काढायला लावून परत आत बसवायची, घोटभर पाणी पाजायची, आणि 'येतो म्हण' म्हणून मगच सोडायची. तुमच्याकडेही असंच असेल. जाणारा माणूस 'येतो' म्हणतो आणि आपण 'ये हं' म्हणतो, आणि यात काही विचित्र आहे असं कोणालाच वाटत नाही.

टिल्लू रोज काम संपलं की गुडघा टेकून नळीत सांगायचा, "ताई, येतो गं." म्हणजे मी देवडीत थांबायचं आणि दोघांनी स्कूटरवर घरी जायचं. मी आधी निघून गेलेली असले तरी तो म्हणायचाच. सवय. रिकाम्या देवडीला 'येतो' सांगून तो दिवे मालवायचा.

एका रात्री जेवताना त्यानं सहज विषय काढला. नवी वाढत होती. नवी म्हणजे त्याची बायको. लग्न चांगलं जुनं झालं तरी आमच्या घरात ती नवीच राहिली. तिचं लक्ष त्याच्या निळ्या चौकड्यांच्या शर्टाकडे होतं, कारण त्याची बाही वायरीत अडकून फाटली होती आणि ती त्यावरून त्याला बोलत होती.

"ताई, घशाला काय झालंय तुझ्या?" टिल्लूनं मधेच विचारलं.

"कुठं काय?"

"दुपारी नळीतून केवढा बसलेला आवाज येत होता तुझा! 'टिल्लू, कधी येणार रे?' असं म्हणालीस. मला वाटलं रडतेस की काय. मी म्हटलं, येतो की. उद्या येतो. तरी आपलं चालूच, कधी, कधी."

नवीच्या हातातलं भांडं हवेतच राहिलं.

"ताई दुपारी माझ्याबरोबर होत्या," ती म्हणाली. "डोळ्यांच्या दवाखान्यात. औषध घालून बसवलं होतं मला, घरी येईपर्यंत त्यांनीच हात धरून आणलं."

टिल्लूनं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मग तो मोठ्यानं हसला. "मग मी उद्या येतो असं कोणाला कबूल केलं?"

नवीनं भांडं तसंच खाली ठेवलं. तो नंतर नीट जेवला नाही.

४

मी भित्री नाही. तटाच्या कडेवर उभं राहून पाठमोरी बोलणारी बाई आहे मी. पण त्यानंतर मला ती नळी उघडी ठेवायची नव्हती. मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे किल्ल्याचे व्यवस्थापक, सज्जन माणूस, पण जागचा न हलणारा.

"नळी बुजवायची?" ते म्हणाले. "अहो ताई, तिच्यासाठी तर लोक येतात. आणि जुन्या वास्तूत खिळा मारायचा तरी मला वरून विचारावं लागतं."

"मग टिल्लूला दुसरं काम द्या."

"त्या यंत्रांतलं त्याच्याशिवाय कोणाला कळतं?"

मग मी माझ्या अकलेनं उपाय केला. एक जाड गोणपाट घेतलं, गुंडाळलं आणि देवडीतल्या भोकात घट्ट ठासून बसवलं. काठीनं ठोकून आत ढकललं. टिल्लूला बजावलं की वर नळीजवळ जायचं नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, आणि 'येतो' तर मुळीच म्हणायचं नाही. तो निमूटपणे हो म्हणाला. एरवी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा माझा भाऊ एका शब्दात हो म्हणाला, तेव्हा मला कळलं की तोही घाबरलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गटाला मी सांगितलं की नळी दुरुस्तीसाठी बंद आहे. लोक हळहळले. टिल्लू तिथंच, माझ्या शेजारी, देवडीतला दिवा बदलत होता. तोंडात स्क्रू धरलेले. लख्ख ऊन, दरवाजातून येणारा वारा, कोणीतरी संत्रं सोलत होतं.

"ओ," गोणपाटाच्या मागून आवाज आला. दबलेला, पण त्याचाच. कोणी हाक मारलेली नव्हती.

टिल्लूच्या तोंडातले स्क्रू फरशीवर पडले. लोकांना तो गमतीचा भाग वाटला. त्यांनी पोटभर टाळ्या वाजवल्या, आणि एका आजोबांनी तर "वन्समोर" म्हटलं.

५

त्यानंतरच्या आठवड्यात वरच्या कपाटातली वीज सारखी जाऊ लागली. त्यातच एका संध्याकाळी मोठे पाहुणे येणार होते, खेळ बंद ठेवणं शक्य नव्हतं. टिल्लूला वर जावंच लागणार होतं. आम्ही देवडीच्या पायरीवर बसून ठरवलं. ठरवलं म्हणजे मी ठरवलं.

"हे बघ," मी म्हटलं, "तू रोज येतो म्हणालास, म्हणून कोणीतरी वाट बघतंय. बरोबर?"

"बरोबर कसलं, ताई? कोण वाट बघतंय?"

"ते मला माहीत नाही. पण येतो म्हणून अडकलं असेल तर सोडवायचं कसं? सरळ सांगायचं. जातो म्हणायचं. एकदाच म्हण, आणि बाहेर पड. पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मी साहेबांशी भांडेन."

"आई असती तर पाणी पाजून परत बसवलं असतं," तो म्हणाला. मग आम्ही दोघं हसलो. दोन मोठी माणसं, भर दुपारी, एका शब्दाला भिऊन बसली होती. तेवढ्यात खालून गट आला आणि त्यांच्याबरोबर साहेबही, हात हलवत. मला उठावं लागलं.

"तू हो पुढं, मी आलेच," मी म्हटलं.

तो पायऱ्या चढून गेला. वळणावर वाकला, कारण तिथं कमान खाली आहे, आणि दिसेनासा झाला.

मी लोकांना ढाल सांगितली, काटकोन सांगितला, भरती सांगितली. लोक हसले. गोणपाट साहेबांनी स्वतःच्या हातानं उपसून काढलं आणि माझ्याकडे रागानं पाहिलं. ते काढल्या काढल्या नळीतून टिल्लूचा आवाज आला. रोजच्यासारखा, जवळचा, जरा लाजल्यासारखा.

"ताई," तो म्हणाला, "जातो."

मी धावले. मागं साहेब काहीतरी ओरडत होते. त्या पायऱ्यांना दुसरी वाट नाही, त्या थेट खोलीच्या दाराशी संपतात, आणि मला वाटेत कोणी भेटलं नाही. दार सताड उघडं होतं. कपाट गुणगुणत होतं, वीज आलेली होती. टेस्टर फरशीवर पडला होता. मी तो उचलला तर त्याची मूठ अजून गरम होती.

६

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, तो तटावरून पडला. दोर लावून माणसं कड्यात उतरली. पोलिसांनी टाकी उपसली. काही सापडलं नाही, तेव्हा लोकांना वाटू लागलं की तो पळून गेला. नवीच्या तोंडावर असं बोलणारेही निघाले. ती एकेकाळची बडबडी पोरगी तिथून उठून गेली. घरी आली आणि फाटक्या शर्टाचे, त्याच निळ्या चौकड्यांच्या, आधीच कापून ठेवलेले फडके उचलून छातीशी धरून बसली.

मी देवडीत जाऊन बसले. दुसरं काय करणार? नळीला तोंड लावून हाका मारत राहिले. वरचा पहारा वगैरे नाही. "टिल्लू. टिल्लू रे. कुठं आहेस? कधी येणार?" लोक यायचे, मला ओलांडून जायचे. काहींना वाटायचं, हा खेळाचाच भाग आहे. माझा घसा बसला. शब्द फुटेनासे झाले तरी मी ओरडत होते. माझ्या आयुष्यात मला इतकं हताश कधी वाटलं नव्हतं. अंगातलं सगळं बळ त्या मूठभर भोकात ओतत होते आणि ते कुठं जात होतं ते कळत नव्हतं.

शेवटी साहेबांनाच माझी दया आली. वरच्या खोलीतला, नळीशेजारचा एक दगड काढायची परवानगी त्यांनी आणवली. "एकदा डोळ्यांनी बघा," ते म्हणाले, "म्हणजे मन शांत होईल."

त्या दिवशी ढग इतके खाली आले होते की चिरेतून पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. खोलीत करडा उजेड. गवंड्यानं सांधा फोडला, पहारीनं दगड हलवला आणि तो ओढून बाजूला ठेवला. मग तो बॅटरी आणायला खाली गेला. मी एकटीच उरले. गुडघे टेकले आणि त्या खाचेला डोळा लावला.

आत ऊन होतं.

मी चिरेकडे मान वळवून पाहिलं. ढगच होते. पुन्हा डोळा लावला. आत स्वच्छ ऊन, आणि त्या उन्हात हीच खोली. तेच लोखंडी कपाट, तीच कमान. आणि माझ्यापासून हातभर अंतरावर टिल्लू एका गुडघ्यावर बसला होता, कान माझ्याकडे करून. निळ्या चौकड्यांचा शर्ट, बाही फाटलेली. ज्याचे फडके घरी नवीच्या मांडीवर होते तोच शर्ट. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत होता, जशा फोनवर नीट ऐकू न आल्यावर माणसं घालतात तशा.

मी हात आत घातला. दगडगोटे लागले, कोरडा चुना लागला. डोळा लावला की तो दिसायचा आणि हात घातला की भिंत.

"टिल्लू!" मी ओरडले. घशातून नुसती खरखर निघाली. "टिल्लू, कधी येणार रे?"

त्याचा चेहरा उजळला. "येतो की," तो म्हणाला. "उद्या येतो."

"कधी? कधी?"

तो हसत उठला, पँटचा गुडघा झटकला, आणि मला त्याचे फक्त बूट दिसले. मग गवंडी बॅटरी घेऊन आला. त्यानं खाचेत उजेड पाडला. हाताची बोटं बुडतील एवढंच खोल, आणि पुढं चुना. "भरीव आहे, ताई," तो म्हणाला. "इथं तर उंदरालाही जागा नाही."

७

टिल्लूचे ते शब्द मी पूर्वी ऐकले होते. जेवताना त्यानंच सांगितले होते, बसलेला घसा आणि कधी, कधी, सगळं. तेव्हा मी नवीचा हात धरून दवाखान्यात बसले होते. त्याला हाका मारणारी बाई ही आजची मी होते.

मी हे पुन्हा पुन्हा तपासून पाहते. माझं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणायला मी केव्हाही तयार आहे. तसं असेल तर बरंच आहे. पण नसेल तर? तर मी देवडीत बसून घसा फाटेपर्यंत ज्या हाका मारल्या, त्या मागं गेल्या. तो घरी येत होता, जेवत होता, नवीशी भांडत होता, त्या दिवसांवर जाऊन पडल्या. आणि भोळ्या माझ्या भावानं प्रत्येक हाकेला ओ दिली, त्यातली एखादी भलत्याच दिवशी आमच्या कानावर पडली. प्रत्येक वेळी येतो म्हणाला. मी त्याला परत बोलावत होते आणि तो तिकडे जायला कबूल होत होता.

म्हणजे मी गप्प बसायला हवं. मी हाक मारली नाही तर त्याला ओ द्यावी लागणार नाही. कदाचित त्या दिवसांतल्या एखाद्या दिवशी तो नुसताच दिवे मालवून खाली येईल, आणि सगळं दुसरंच घडेल. हे शहाणपण आहे की वेडेपणा, ते मला सांगणारं कोणी नाही. आणि माझा हिशेब चुकत असेल तर मी माझ्या भावाला भिंतीत एकटं टाकलंय.

नवीला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"तुम्ही दमलाय, ताई," ती म्हणाली. "आता मी हाका मारीन."

म्हणून आता मी रोज तिच्याबरोबर येते. ती देवडीत बसते आणि मी तिच्या आणि नळीच्या मधे बसते. ती भांडते, रडते, मी हलत नाही. गोणपाट पुन्हा ठासायचं माझ्या मनात येतं, पण माझ्याच्यानं ते होत नाही.

आज दुपारी गट नव्हते. दरवाजावरचे काका बाकावर पेंगत होते. नवी गुडघ्यात डोकं घालून बसली होती, आणि मी कठड्यावरच्या उन्हाकडे बघत होते.

"ताई?"

माझ्या पाठीला लागून, अगदी जवळून. नवीनं झटकन डोकं वर केलं.

"ताई, आहेस का खाली?" टिल्लू म्हणाला. आवाज दमलेला होता. "ताई, दार सापडत नाहीये गं."

नवी माझ्या अंगावरून नळीकडे झेपावली. मी तिला दोन्ही हातांनी धरलं, भिंतीशी दाबलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. माझे दात मी इतके आवळले होते की कानशिलं दुखत होती.

"ताई, एकदा ओ दे ना. म्हणजे कळेल मला, कुठल्या बाजूला चालायचं ते."

नवी लाथा झाडत होती. तिचे डोळे माझ्या डोळ्यांत होते, इतके जवळ की मला त्यांच्यात दुसरं काही दिसेना.

"ताई?"

नवी माझ्या तळहाताला कडकडून चावली. मी हात काढला नाही.